'निसर्गा'नेच नेलं, तर निसर्गात काय शोधायचं?

पोफळीखालची | ३ जून २०२४, रात्री ११:१२

आज चार वर्षं झाली वादळाला. मुंबई-पुण्याच्या लोकांना 'निसर्ग' म्हणजे लॉकडाऊनमधला आणखी एक दिवस, टीव्हीसमोर बसून काढलेला, एवढंच आठवत असेल. आमची श्रीवर्धन तालुक्यात वीस गुंठे वाडी. पणजोबांच्या वेळची. २६० पोफळी (सुपारीची झाडं), २२ माड, मधे जायफळं, पोफळींवर चढवलेली मिरी. दोन-अडीच तासांत सगळं आडवं. उभ्या राहिल्या ११ पोफळी आणि ३ माड. हे आकडे अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वहीतले. सगळं शांत झाल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर छत्री घेऊन वाडीत जाऊन मोजणी केली. कौलं उडालेल्या घरात आई भांडी लावत फिरत होती आणि हे वहीत लिहीत होते: 'उभी ११'.

मी ठाण्यात अडकलेली. पंधरा दिवस फोन नाही, गावात दीड महिना वीज नाही. जुलैत पास काढून पोचले तर ओटीवरून समुद्र दिसत होता. जन्मात कधी आमच्या ओटीवरून समुद्र दिसला नव्हता, नुसती गाज यायची. मी पायरीवरच बसले.

त्यानंतर अण्णा बोलेनासे झाले. दिवाळीनंतर एक नवंच सुरू झालं. रोज सकाळी झावळ्या गोळा करायच्या आणि उरलेल्या पोफळींच्या खोडांना सुंभाने बांधत बसायचं. लहान मुलाला स्वेटर घालावा तसं. आई घाबरली. दादा म्हणाला, धसका घेतलाय, डॉक्टरला दाखवू. मी फोनवर चिडले की अण्णा, लोक हसतात. ते 'बरं' म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी परत बांधायला गेले. एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. तोंड बघायला मिळालं नाही. बारावं चौघांत उरकलं.

आता आई माझ्याकडे असते. मी महिन्या-दोन महिन्यांनी एकटी जाते, घर उघडते, विहिरीच्या काठावर बसते. बरं वाटतं. आणि बरं वाटतं याचाच राग येतो. ज्याने नेलं त्याच्याच दारात बसून मी काय मिळवतेय? दादा म्हणतो विकू या. रिसॉर्टवाला मागे लागलाय, भाव चांगला देतोय.

तुम्ही असं काही गमावलंय का? निसर्गात अर्थ सापडतो म्हणतात, तो नक्की कुठे ठेवलेला असतो? 'काळ हेच औषध' सोडून काहीही लिहा.

---

टिवल्याबावल्या | ३ जून, ११:३१

वाचतोय. एरवी मी धाग्यावर पहिला पाचकळपणा करतो, आज नाही सुचत.

---

अमृता_के | ३ जून, ११:५८

तुला घट्ट मिठी. माझी आई २०१६ च्या ऑगस्टमध्ये गेली. घरात येणाजाणाऱ्यांची रीघ आणि प्रत्येकाचा तोच प्रश्न, 'कसं झालं हो?' दीड महिन्यात ती गोष्ट मी शंभरदा सांगितली असेन, इतकी की शेवटी माझ्याच आवाजाचा कंटाळा आला. मग एका मैत्रिणीने जबरदस्तीने घाटात नेलं. कारवी फुलली होती. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, सगळी एकदम, डोंगरच्या डोंगर जांभळे, आणि फुलून झालं की झुडूप मरतं. मी तिथे अर्धा तास काहीच न बोलता उभी राहिले. कारवीने विचारलं नाही कसं झालं ते.

अर्थ वगैरे माहीत नाही गं. पण न विचारणारं कुणीतरी हवं असतं.

---

माळरान | ४ जून, सकाळी ७:४५

धागाकर्तीच्या दुःखाबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. निसर्गाला तुमच्या दुःखाशी काही देणंघेणं नाही. तो देत नाही आणि नेतही नाही. समुद्र तापला, हवेचा दाब कमी झाला, वारा फिरला. त्यात आपण 'त्याने नेलं' म्हणतो तेही चूक आणि 'त्याने सांत्वन केलं' म्हणतो तेही चूक. कारवीने विचारलं नाही हे खरं, पण भिंतही विचारत नाही.

विकण्याचा निर्णय भाव, कर, आणि तुम्हाला तिथे आठवड्यातून किती वेळ देता येईल यावर घ्या. भावनेवर नको.

---

पोफळीखालची | ४ जून, ९:१०

@माळरान, तुमचा प्रतिसाद वाचून आधी राग आला, मग हसू. अगदी दादा बोलतोय असं वाटलं. :) पण भिंतीजवळ बसून बरं वाटत नाही, हा माझा अनुभव. ठाण्याच्या घराला चार आहेत.

---

अचूकराव | ४ जून, १०:०२

एक छोटी दुरुस्ती, राग नसावा. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे वादळ ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किमी, झोत १२० पर्यंत. आणि 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं. म्हणजे शीर्षकातली कोटी मूळ बांगला आहे.

---

टिवल्याबावल्या | ४ जून, १०:०५

अचूकराव, तुम्ही मयताला गेलात तरी तिरडीची लांबी मोजून याल.

---

अचूकराव | ४ जून, १०:२०

साडेसहा फूट असते साधारण.

---

बंड्या_महाडकर | ४ जून, दुपारी १:३६

मी लिहू का नको विचार करत होतो. माझ्या मावसबहिणीचं सासर महाडजवळचं तळिये. २२ जुलै २०२१. डोंगर खाली आला. ऐंशीच्या वर माणसं गेली त्या एका वाडीत. ती माहेरी आली होती म्हणून वाचली. नवरा, सासू, धाकटा दीर, कुणी नाही.

सांगायचं एवढंच की 'निसर्गात मन रमवा' हे तिला सांगायची कुणाची छाती नाही. ती आता पनवेलला राहते, तिसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीतून डोंगर दिसत नाही म्हणून तिने ती खोली घेतली. पाऊस जोराचा लागला की टीव्हीचा आवाज मोठा करते. आधी तीच आम्हाला सगळ्या रानभाज्या दाखवायची. कुर्डू, टाकळा, भारंगी, कुठे काय उगवतं ते तिला पायाला पाठ होतं.

तेव्हा जंगल, डोंगर, समुद्र म्हणजे शांती, हे ज्यांच्यावर ते कोसळलेलं नाही त्यांचं आहे. धागाकर्ती ताईंना उद्देशून नाही, त्यांच्यावर कोसळलंय. बाकीच्यांना उद्देशून आहे.

---

अमृता_के | ४ जून, २:१५

बंड्या, खरंय. मी कारवीचं लिहिलं ते परत घेत नाही, पण ते सगळ्यांना लागू नाही हे मान्य.

---

गावठी_मिरची | ४ जून, २:४०

अशीच एक आठवण. इर्शाळवाडीवर दरड कोसळली (जुलै २०२३) तेव्हा आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर कुणीतरी त्याच आठवड्यात इर्शाळगडाचे जुने फोटो टाकले, 'हिरवा स्वर्ग' वगैरे. ज्या वाडीत आम्ही दोनदा चहा-पोहे खाल्ले होते ती वाडी फोटोत मागे दिसत होती. ग्रुप सोडला मी. नंतर वाटलं, फोटो टाकणाऱ्यालाही कदाचित तेच दाखवायचं असेल. विचारलं नाही मी. विचारायला हवं होतं.

---

दूरदेशी | ४ जून, रात्री ९:५०

कॅलिफोर्नियातून. माझे वडील साताऱ्यात ऑगस्ट २०२० मध्ये गेले. विमानं बंद. अंत्यविधी फोनवर बघितला, तोही मधेमधे अडकत होता. त्यानंतर ९ सप्टेंबरला इथे सकाळ झालीच नाही. वणव्यांच्या धुराने आकाश भगवं-काळं, दुपारी बारा वाजता रस्त्यावरचे दिवे लागलेले. मुलगी म्हणाली, बाबा, आजोबा गेले म्हणून का? मी तिला धूर, प्रकाशाचं विखुरणं वगैरे समजावलं. स्वतःला मात्र तिचंच कारण पटलं होतं.

घराजवळच्या टेकडीवर मी रोज चालायला जायचो. ती जळली. दुसऱ्या वसंतात तिथे गवत आलं, पण ओकची मोठी झाडं नाहीत. आता तिथे जाऊन मी काय बघतो कोण जाणे. पण जातो.

---

नीरक्षीर | ५ जून, सकाळी ८:३०

या भावनेला नाव आहे. ग्लेन अल्ब्रेख्त नावाच्या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने 'सोलास्टॅल्जिया' असा शब्द घडवला. न्यू साउथ वेल्समधल्या हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणींनी आसपासचा मुलूख खाल्ला, तिथल्या लोकांशी बोलताना त्याच्या लक्षात आलं की ही माणसं घर सोडून गेलेली नाहीत, तरी त्यांना घराची आठवण येतेय. माणूस तिथेच आहे, घरच निघून गेलं. ओटीवरून समुद्र दिसणं म्हणजे नेमकं हेच.

---

टिवल्याबावल्या | ५ जून, ८:४१

शब्द ऐकून अक्कलदाढ दुखल्यासारखं वाटलं. मराठीत काहीतरी काढा.

---

गावठी_मिरची | ५ जून, ८:५५

माहेर पाडून त्यावर टॉवर झाला आणि त्यातच दोन खोल्या मिळाल्या, तर आईला जे होतं ते.

---

नीरक्षीर | ५ जून, ९:०२

'घरातली घरओढ'?

---

अचूकराव | ५ जून, ९:०४

सामासिक शब्द म्हणून ठीक, पण रूढ व्हायचा नाही.

---

अमृता_के | ५ जून, ९:१५

आमची आजी म्हणायची, 'उपरं झालं.' धरणात गाव गेल्यावर नव्या गावठाणात राहायची, तरी माणसांबद्दल नाही म्हणायची ती, जागेबद्दल म्हणायची. 'जागाच उपरी झाली गं.' मला वाटतं शब्द आहे आपल्याकडे.

---

डॉ_कडुलिंब | ५ जून, रात्री १०:२२

निवृत्त पशुवैद्य आहे. नाशिक जिल्ह्यात नोकरी झाली. इथे सगळे आपण काय गमावलं ते लिहीत आहेत, मी घालवायला हातभार लावला ते लिहितो.

नव्वदच्या दशकात आम्ही ताप, सूज, लंगडणं, कशालाही डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक द्यायचो. स्वस्त, गुण लगेच. शेतकरी खूश, बैल संध्याकाळी उभा. काही जनावरं तरी मरायचीच, मग गावाबाहेर ढोरफोडीच्या माळावर टाकायची. आधी तिथे गिधाडांची झुंबड असायची. पंख पसरून भांडणारी, चिखलात लोळल्यासारखी दिसणारी, अर्ध्या-पाऊण तासात बैलाचा सांगाडा करणारी. मग कमी झाली. मग कुत्री वाढली. आम्ही म्हणायचो, जंगल कमी झालं, दुसरं काय.

२००४ मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी शोधून काढलं की औषध दिलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं देशातून ९९ टक्क्यांहून जास्त गेली होती. मी किती इंजेक्शनं दिली याचा हिशोब कुठे नाही. कायद्याने चूक नव्हती, पुस्तकाने चूक नव्हती. तरी झोप गेली होती काही दिवस.

आता हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा केली आहे, ग्रामस्थ आणि वनखातं मिळून बघतात. मी अधूनमधून जातो. जनावराला आजारपणात काय दिलं होतं ते शेतकऱ्याला विचारतो, एवढंच माझं काम. लांब बसून दुर्बिणीतून मोजतो. कधी वीस, कधी तीन, कधी एकही नाही. शांती मिळते का? नाही. पण रविवारी सकाळी कुठे जायचं ते माहीत असतं.

---

माळरान | ५ जून, १०:४०

डॉक्टर, दंडवत.

---

खारफुटी | ६ जून, दुपारी १२:१८

अलिबागकर. डॉक्टरांच्या प्रतिसादावरून सलीम अली आठवले, आणि किहीमही याच पट्ट्यात येतं. १९३० साली त्यांची नोकरी गेलेली, मुंबईत राहणं परवडेना म्हणून किहीमला सासरच्या बंगलीत येऊन राहिले. शेजारच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती, ती शिडी लावून महिनोन् महिने बघत बसले. त्यातूनच कळलं की नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं विणतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं सुरू करतो.

पुढे १९३९ मध्ये पत्नी तहमिना एका साध्या शस्त्रक्रियेनंतर गेल्या. त्या बऱ्याच दौऱ्यांत सोबत असायच्या. ते खचले, पण पाहणी-दौरे थांबवले नाहीत. पक्ष्यांनी त्यांना तारलं असं म्हणता येईल.

---

टिवल्याबावल्या | ६ जून, १२:२५

अर्धं घर विणायचं, मादी बघून जाणार, मग उरलेलं काम. हे बिल्डर लोक सुगरणीकडून शिकले तर.

---

माळरान | ६ जून, १२:५०

@खारफुटी, पक्ष्यांनी तारलं की कामाने? ते काही तिथे 'निसर्गाच्या सान्निध्यात' बसले नव्हते. त्यांना मोजायचं होतं, नोंदवायचं होतं. डॉक्टरांचंही तेच. बघत बसणाऱ्याला समुद्र काही देत नाही, माझा मुद्दा कायम.

---

खारफुटी | ६ जून, १:०५

बरं, अर्धा मुद्दा तुमचा. पण मोजायला सुगरणीच निवडल्या, खात्याची बिलं नाही निवडली.

---

शिंपणं | ७ जून, पहाटे ५:४८

नमस्कार. या संस्थळावर फक्त वाचायला येतो, पण पहिली पोस्ट वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कृषी खात्यात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं रायगड-रत्नागिरीच्या बागायतीत. मुली, तुझ्या वडिलांबद्दल लिहितो आहे, शांतपणे वाच.

पोफळ हे सावलीतलं झाड आहे. दाटीत वाढतं, एकमेकांच्या आणि माडांच्या सावलीत. वादळाने दाटी गेली की उरलेल्या झाडाचं खोड उघडं पडतं. पावसाळा संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ऊन दक्षिण-पश्चिमेकडून तिरकं येतं आणि दुपारनंतर खोडाच्या त्या बाजूवर पडतं. आधी पिवळेधमक सोनेरी डाग पडतात, मग ते काळपट होतात, मग उभ्या चिरा. खोड तिथे कमजोर होतं आणि पुढच्या वाऱ्यात त्याच जागी मोडतं. वादळातून वाचलेली झाडं अशी नंतर मरतात, लोकांना वाटतं कीड लागली.

याला उपाय जुने लोक करतात तोच. खोडाला दक्षिण-पश्चिम बाजूने झावळ्या नाहीतर पोफळीच्या विऱ्या (पानाच्या बुडाचं रुंद आवरण) बांधायच्या.

तू लिहिलंस, दिवाळीनंतर सुरू केलं. अगदी वेळेवर सुरू केलं त्यांनी. धसका नव्हता तो. अकरा झाडं वाचवत होते.

---

अमृता_के | ७ जून, ७:२०

आई गं.

---

बंड्या_महाडकर | ७ जून, ८:११

काका…

---

माळरान | ७ जून, ८:४०

(काही लिहायचं नाही. फक्त वाचलं हे कळावं म्हणून.)

---

पोफळीखालची | ८ जून, रात्री १:०३

काल दिवसभर लिहू शकले नाही. ऑफिसच्या जिन्यात वाचलं.

आईला दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, 'मला बोलले होते एकदा, ऊन लागतंय म्हणून. मला वाटलं त्यांना लागतंय. मी टोपी काढून दिली.'

वही काढली. मी आजवर 'उभी ११' च्या पुढे गेलेच नव्हते. पुढच्या पानावर अकरा आकडे एकाखाली एक आणि प्रत्येकासमोर तारीख, काहींपुढे दोन. मला वाटलं होतं पाडप झाल्याची, म्हणजे फळं उतरवल्याची, नोंद असेल. बांधल्याच्या तारखा आहेत. पाच नंबरला तीनदा बांधलंय, समोर लिहिलंय 'वारा काढतो'.

आणि ते गेल्यावर मेमध्ये तौक्ते वादळ येऊन गेलं. गावात आणखी माड पडले. आमच्या अकराच्या अकरा राहिल्या होत्या. तेव्हा आम्ही शुद्धीवर नव्हतो, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शिंपणं काका, मी त्यांच्यावर ओरडले होते हो.

---

शिंपणं | ८ जून, पहाटे ५:३०

ओरडलीस ते राहू दे. त्यांनी 'बरं' म्हटलं आणि बांधायला गेले, म्हणजे त्यांनी काही फार मनावर घेतलेलं नव्हतं. आम्हा बागायतवाल्यांना घरच्यांची बोलणी खायची सवय असते.

आणि तौक्तेत झावळ्यांमुळेच टिकली असं मी म्हणणार नाही. एका हंगामात खोड एवढं खराब होत नाही. वाऱ्याच्या मनात काय असतं सांगता येत नाही. पण त्यानंतर तीन उन्हाळे गेले आणि कुणी बांधलेलं नाही. म्हणून आता तू जा आणि खोडं बघ. दक्षिण-पश्चिम बाजू. कुठे काळ्या चिरा आहेत ते मोजून इथे लिही. आणि पाऊस लागतोय तर केळीचे मुनवे (बुडाशी फुटलेली पिल्लं) लाव, त्या बाजूने दाट. पोफळीची रोपं केळीच्या सावलीत जगतात, उघड्यावर पहिल्या ऑक्टोबरात करपतात. विकायचं का ठेवायचं ते नंतर ठरव. केळीला तुझ्या निर्णयाची गरज नाही, वर्षा-सव्वा वर्षात घड देऊन मोकळी होते.

---

गावठी_मिरची | ८ जून, १०:३०

मधेच विचारते, या सगळ्याची भरपाई काय मिळाली होती? आमच्या दिवेआगरच्या काकूंना मिळालेले पैसे मजुराला झाडं उचलून द्यायलाही पुरले नाहीत.

---

पोफळीखालची | ८ जून, १०:५५

फळबागेला हेक्टरी पन्नास हजार ठरले होते. आमची वीस गुंठे, म्हणजे दहा हजार. पोफळीला फळ धरायला पाच ते सात वर्षं, माडालाही तितकीच. पडलेले माड कापून हलवायलाच त्याच्या कितीतरी पट गेले. कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत असतात आणि मोजमाप हेक्टरात, यात सगळं आलं.

---

अचूकराव | ८ जून, ११:१०

वीस गुंठे म्हणजे ०.२०२ हेक्टर, त्यामुळे दहा हजार एकशे रुपये व्हायला हवे होते.

---

टिवल्याबावल्या | ८ जून, ११:१२

वरचे शंभर अचूकरावांकडून घ्या.

---

बंड्या_महाडकर | ८ जून, रात्री ८:२०

हा धागा बहिणीला वाचून दाखवला. सगळा नाही. काकांचं आणि वहीचं तेवढंच. ती काही बोलली नाही. मग विचारलं, त्या बाईंच्या वाडीत भारंगी येते का.

---

पोफळीखालची | ८ जून, ८:३५

येते. विहिरीच्या मागे, बांधाला. त्यांना सांगा, कोवळी असताना खुडायला कुणी नसतं.

---

पोफळीखालची | १९ ऑक्टोबर, रात्री १०:४०

धागा वर काढतेय. काकांनी हिशोब मागितला होता.

जूनमध्ये गेले होते. अकरापैकी चार पोफळींना काळ्या चिरा, चारही दक्षिण-पश्चिमेलाच. पाच नंबर त्यात आहे. दोन खोडांवर अजून अण्णांच्या सुंभाची गाठ होती, झावळी कुजून गेलेली, नुसती गाठ. ती सोडली नाही, तिच्यावरूनच नवीन बांधलं. तीस मुनवे लावले, सव्वीस लागले. पोफळीची चाळीस रोपं शेजारच्या गावातून आणून केळींच्या आड लावलीत. गावातल्या बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या, 'बापाचंच खूळ' म्हणाल्या. पहिल्यांदा ऐकायला बरं वाटलं.

दादा परवा आला होता. रिसॉर्टवाल्याला अजून नाही म्हटलेलं नाही, हेही सांगते, उगाच तुम्हाला गोड शेवट दिल्यासारखं नको. कर्ज आहे त्याच्यावर. पण आला तो शर्ट काढून तीन पोफळींना बांधून गेला. गाठी चुकीच्या मारल्यात, मी परत मारल्या. त्याला सांगितलं नाही.

@माळरान, बघत बसणाऱ्याला काही मिळत नाही हे तुमचं खरं असेल. पण चार वर्षं बसले नसते तर तीस केळी लावायला उठले असते की नाही, शंका आहे.

ओटीवरून समुद्र अजून दिसतो. केळीची पानं वर आली की खालचा थोडा झाकतो.

---

माळरान | १९ ऑक्टोबर, ११:०२

बसण्याचा मुद्दा मान्य. कुठेतरी लिहून ठेवा, मी सहसा मान्य करत नाही.

---

शिंपणं | २० ऑक्टोबर, पहाटे ५:४०

शाब्बास. चिरा पडलेल्या चारांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लाव, बुरशी जायला नको. चाळीसातली पाच-सात मरतील, मनाला लावून घेऊ नकोस. किनाऱ्याच्या बाजूला उंडीची झाडं लाव, वारा अडवते. आणि एक विचारायचं राहिलं, वानरांचं काय करतेस?

---

पोफळीखालची | २० ऑक्टोबर, ९:१५

काका, तेच विचारायला आले होते! केळफूल दिसायच्या आत गाभा सोलून खातात. सहा केळी गेल्या. फटाके लावले तर कौलांवर बसून बघतात.

---

गावठी_मिरची | २० ऑक्टोबर, ९:२०

आमच्याकडे कुत्रा पाळला. आता वानर आणि कुत्रा एकत्र उन्हात बसतात.

---

खारफुटी | २० ऑक्टोबर, ९:३३

जाळी. दुसरा इलाज नाही. मी तीन वर्षांत गलोल, आरसे, वाघाचा रेकॉर्ड केलेला आवाज, सगळं करून झालो. वाघाच्या आवाजाला आमच्या सासूबाई घाबरल्या, वानरं नाही.

---

अचूकराव | २० ऑक्टोबर, ९:४१

वानर आणि माकड यांत गल्लत होतेय. काळ्या तोंडाचं ते वानर, लाल तोंडाचं ते माकड. उपाय वेगवेगळे.

---

टिवल्याबावल्या | २० ऑक्टोबर, ९:४३

अचूकराव, आधी केळ्याला विचारा कोणी खाल्लं ते. आणि कृपया वानरांसाठी वेगळा धागा काढा, तिथे माझ्याकडे खूप साहित्य आहे.